ट्यूब उघडण्याआधी: रक्तातले घातक विषाणू निष्क्रिय करून प्रथिनांपर्यंत कसं पोहोचायचं

डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा पट्ट्यात पोहोचला. ताप चढताना रुग्णाच्या रक्तात कोणती प्रथिनं वाढतात, कोणती घटतात, कुणाचा आजार गंभीर होणार याची खूण आधी मिळते का, हे शोधायचं तर त्या रक्ताचे काही थेंब मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखणाऱ्या यंत्रापर्यंत, न्यावे लागतात. आणि मास स्पेक्ट्रोमीटर सहसा बीएसएल-३ किंवा बीएसएल-४, म्हणजे सर्वांत कडक जैवसुरक्षा पातळीच्या बंदिस्त प्रयोगशाळांच्या आत नसतो. कोट्यवधींचं यंत्र, त्याचे पंप, त्याला लागणारा वायू, दर थोड्या दिवसांनी येणारा सर्व्हिस इंजिनिअर, हे सगळं बंदिस्त प्रयोगशाळेत बसवणं फार अवघड. पुण्यात पाषाणला एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्था) बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे आणि पाषाण रस्त्यावरच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे. अंतर अगदी थोडं, पण विषाणू जिवंत असलेली ट्यूब ते अंतर ओलांडून साध्या बाकावर येऊ शकत नाही.

हा लेख प्रथिनांच्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झालेल्या जेआरएफ, प्रोजेक्ट असिस्टंट आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इथले आकडे समज यावी म्हणून दिले आहेत. हातात ट्यूब असेल तेव्हा तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीने मंजूर केलेली लेखी पद्धतच चालते, इंटरनेटवरचा लेख नाही.

पायरी १: ट्यूब कुणी उघडायची, ते आधी ठरवा

नवीन माणसाचा पहिला प्रश्न असतो, कोणतं रसायन वापरू? त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे: निष्क्रिय करण्याचं काम कुठे होणार? उत्तर एकच. मूळ नमुना ज्या पातळीच्या प्रयोगशाळेत उघडायला परवानगी आहे, तिथेच आणि तिथल्या प्रशिक्षित माणसांच्या हातून. क्रायमिन-काँगो ताप, निपाह, इबोला यांचा संशय असेल तर तुम्ही त्या खोलीत नसताच. तुमचं काम अलीकडच्या बाजूला. बफर तयार करून पाठवायचा, किती घ्यायचं आणि किती वेळ ठेवायचं हे त्यांच्याशी बसून ठरवायचं, आणि काम झालेली ट्यूब कागदपत्रांसह स्वीकारायची.

हा नियम कशासाठी, हे २०११ च्या जानेवारीत गुजरातने पाहिलं. अहमदाबादजवळच्या साणंद तालुक्यात क्रायमिन-काँगो तापाची भारतातली पहिली साथ ओळखली गेली, तेव्हा त्या रुग्णाबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. रुग्णाचं रक्त किती घातक असू शकतं, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाका. उणे ८० अंशांत ठेवलेला नमुना सुरक्षित होत नाही. थंडीत विषाणू टिकतो, म्हणूनच तर विषाणूंचे साठे तिथे ठेवतात. फ्रीझ-ड्राय केल्यानेही तो मरतो असं धरता येत नाही. कागदावर वाळवलेला रक्ताचा ठिपका दिसायला निरुपद्रवी, पण तपासल्याशिवाय त्याच्यावरही भरवसा नको. ट्यूबमधलं ईडीटीए रक्त गोठू देत नाही, विषाणूला त्याचं काही वाटत नाही.

पायरी २: शेवटच्या चाचणीपासून मागे या

पद्धत निवडताना उलटं चालायचं. आधी विचारा, प्रथिनाचा आकार शाबूत हवा आहे का?

मास स्पेक्ट्रोमीटरच्या नेहमीच्या कामात प्रथिनं शेवटी ट्रिप्सिन या एन्झाइमने कापून त्यांचे तुकडेच मोजायचे असतात. मग आकार मोडला तरी बिघडत नाही, उलट कापणं सोपं होतं. इथे कडक उपाय चालतात: एसडीएस (एक जोरकस डिटर्जंट) आणि उष्णता, किंवा क्लोरोफॉर्म-मिथेनॉल. दुसरी पद्धत मला विशेष आवडते. एकाच ट्यूबमध्ये खाली क्लोरोफॉर्मात मेद उतरतात, वर पाणी-मिथेनॉलात लहान रेणू जातात आणि मध्ये प्रथिनांची पांढरी चकती बसते. २०१४ च्या साथीत सिएरा लिओनमधल्या इबोला रुग्णांच्या रक्तद्रवाचा (प्लाझ्मा) अभ्यास करताना या प्रकारचा मार्ग वापरला गेला. थोड्याशा नमुन्यातून तिन्ही गोष्टी मिळतात, ही साथीच्या काळात लहान गोष्ट नाही. एक लक्षात ठेवा, क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतो. ट्यूब पॉलिप्रोपिलीनचीच घ्या.

एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन पकडून मोजणारी चाचणी) किंवा शाबूत प्रथिनावर अँटिबॉडीने चालणारी दुसरी चाचणी असेल तर गोष्ट बदलते. इथे अँटिबॉडी बहुधा प्रथिनाचा आकार ओळखते. एसडीएसने तो मोडला की चाचणी गप्प बसते. इथे सौम्य डिटर्जंट, मोजून दिलेली उष्णता किंवा गॅमा किरण असे पर्याय उरतात. एन्झाइमची क्रिया मोजायची असेल तर उष्णताही बाद.

फॉर्मालिनचा मोह टाळा. विषाणूसाठी उत्तम, सूक्ष्मदर्शकासाठीही उत्तम. पण ते प्रथिनं एकमेकांना बांधतं आणि लायसिन हे अमिनो आम्ल अडवतं. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनपाशीच कापतं, म्हणजे तुमची कात्री जिथे चालायची तिथेच कुलूप.

उष्णतेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे फार चुका होतात. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवण्याची जुनी पद्धत कॉम्प्लिमेंट प्रथिनं (जंतूंवर हल्ला करणारी रक्तातली प्रथिनं) थांबवण्यासाठी आहे. 'हीट इनॅक्टिव्हेटेड सीरम' हे नाव बाटलीवर वाचून ते विषाणूमुक्त आहे असं समजू नका. रक्तात विषाणूंची संख्या भरपूर असेल तर एवढ्याने भागत नाही. इबोलासारख्यांसाठी ६० अंश आणि ६० मिनिटं हे माप वापरलं गेलं आहे. शिवाय रक्तद्रव ५६ अंशांना नेला की फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) साकळून गढूळपणा येतो, सीरममध्ये फायब्रिनोजेन नसल्याने तो त्रास नाही. थेट ९५ अंशांवर नुसता रक्तद्रव ठेवलात तर त्याचा उकडलेल्या अंड्यासारखा गोळा होतो आणि गोळ्याच्या पोटात नेमकं काय वाचलं, ते कुणी सांगू शकत नाही. एसडीएस आधी मिसळलेलं असेल तर ते प्रथिनांच्या साखळ्यांना वेढून बसतं आणि त्याच तापमानाला द्रव पातळ राहतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी एसडीएस, मग उष्णता.

गॅमा किरणांत ट्यूब उघडावी लागत नाही, हा मोठा फायदा. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) आयसोमेड या विकिरण केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय वस्तू निर्जंतुक होतात, त्यांची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. कोरड्या बर्फात गोठलेल्या इबोलाच्या नमुन्यांसाठी ५० किलोग्रे वापरल्याचं आढळतं. गोठलेल्या नमुन्यात विषाणू मारायला मात्रा वाढवावी लागते आणि ती वाढली की प्रथिनांचं ऑक्सिडेशनही वाढतं. सोय आणि परवानगी असेल तरच या वाटेला जा.

एक भेद कायम डोक्यात ठेवा. माकडताप, क्रायमिन-काँगो, निपाह, इबोला, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या सगळ्यांना बाहेरून मेदाचं आवरण आहे. डिटर्जंट आणि सॉल्व्हंट ते आवरण फोडतात. हिपॅटायटिस ए, पार्व्होव्हायरस बी-१९ यांना ते आवरणच नाही, त्यामुळे डिटर्जंटला ते जुमानत नाहीत. रुग्णाला एकच आजार आहे असं धरून चालू नका. संशयित इबोलाच्या ट्यूबमध्ये हिपॅटायटिस एही असू शकतो.

पायरी ३: लागेल तेवढंच घ्या

रक्तद्रवाच्या एका मायक्रोलीटरमध्ये साधारण ६० ते ८० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. मास स्पेक्ट्रोमीटरला एका फेरीत एखादा मायक्रोग्रॅम पुरतो, कित्येकदा त्याहून कमी. मग अर्धा मिलिलीटर मागवायचं कारणच काय? १० मायक्रोलीटर भरपूर झाले. नमुना लहान असला की रसायन सगळीकडे पोहोचतं, उष्णता लवकर मुरते आणि काही सांडलंच तर तेही थोडं. प्रकल्पाच्या प्रस्तावात 'जास्त असलेलं बरं' म्हणून मोठे आकडे लिहिण्याची सवय आपल्याकडे आहे. या कामात ती सोडा.

शक्य असेल तर पूर्ण रक्ताऐवजी रक्तद्रव किंवा सीरम घ्या. पूर्ण रक्तात पेशी असतात, गुठळ्या असतात, आणि गुठळीच्या आत रसायन पोहोचायला वेळ लागतो.

पायरी ४: विषाणू आणि रसायन यांची भेट घडवा

सगळं काम इथे ठरतं. विषाणू मरतो तो रसायनाला भिडल्यावर. ट्यूबमध्ये रसायन ओतलं म्हणजे ते प्रत्येक थेंबाला भिडलंच असं नाही.

समजा ठरलेली पद्धत अशी आहे: १० मायक्रोलीटर रक्तद्रव, त्यात ९० मायक्रोलीटर ५ टक्के एसडीएसचा बफर, नीट ढवळून ९५ अंशांवर १० मिनिटं. कागदावर सोपं. आता ट्यूबकडे जवळून बघा. रक्तद्रव सोडताना टिप भिंतीला टेकली आणि द्रवाच्या पातळीच्या वर एक बारीक थेंब चिकटून राहिला. झाकण लावताना आतल्या कडेला अर्धा मायक्रोलीटर लागला. हीट ब्लॉक ट्यूबचा खालचा भाग तापवतो, वरचा भाग आणि झाकण त्याहून बरंच थंड राहतं. दहा मिनिटांनी तळातला विषाणू संपलेला असतो आणि झाकणाखालचा तो थेंब जसाच्या तसा असतो. पुढच्या खोलीत कुणीतरी अंगठ्याने झाकण उघडतं, आणि अंगठा नेमका तिथेच लागतो.

म्हणून चांगल्या पद्धतीत या गोष्टी असतातच. आधी बफर, मग त्याच्या पोटात टिप बुडवून रक्तद्रव सोडायचा. झाकण लावून ट्यूब उलटीसुलटी करायची, व्हॉर्टेक्स करायची, म्हणजे बफर आतल्या प्रत्येक पृष्ठभागाला लागेल. मग थोडा वेळ सेंट्रिफ्यूज, सीलबंद रोटरमध्ये, वरचे थेंब खाली आणायला. शक्य तिथे झाकण तापवणारा ब्लॉक. घड्याळ लावायचं ते आतला द्रव ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यावर, ट्यूब ब्लॉकमध्ये ठेवल्या क्षणापासून नाही. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, द्रव नव्या स्वच्छ ट्यूबमध्ये हलवायचा. जुनी ट्यूब, जुनं झाकण आतच राहतं, ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) जातं. बाहेर येते ती नवी ट्यूब, बाहेरून जंतुनाशकाने पुसलेली.

एसडीएसचा एक स्वभाव सांगून ठेवतो. गारठ्यात ते पांढऱ्या कणांच्या रूपात तळाशी बसतं. पोटॅशियमचा बफर असेल तर खोलीच्या तापमानालाही बसतं. बसलेलं एसडीएस विषाणूला भिडत नाही. बाटली ३७ अंशांवर कोमट करून, पूर्ण पारदर्शक दिसल्यावरच वापरा, आणि बफरमध्ये सोडियम ठेवा. युरियाचा बफर असेल तर उलटी काळजी: तो तापवू नका, प्रथिनांना कार्बामिल गट चिकटतात आणि तुमच्या निकालात ४३ डाल्टनची भर घालून बसतात.

डिटर्जंटचं प्रमाण कमी करून 'यंत्राला त्रास नको' असा विचारही करू नका. ०.१ टक्का ट्रायटन (सौम्य डिटर्जंट) किंवा एसडीएस पाण्यासारख्या द्रवात इबोलाला पुरतं, पण सीरममध्ये तोच परिणाम पुसला जातो. रक्तातली प्रथिनं डिटर्जंट आपल्याकडे ओढून घेतात. आरएनए काढण्याच्या किटमधला ग्वानिडिनचा (प्रथिनं मोडणारं रसायन) बफर डोळे मिटून सुरक्षित मानला जायचा. इबोलाच्या साथीत पुन्हा तपासला तेव्हा तो एकटा पुरा पडला नाही, पुढच्या पायरीतलं इथेनॉल मिसळल्यावर काम झालं.

पायरी ५: 'मेला असेल' आणि 'मेला आहे' यांतलं अंतर

२०१४ च्या जूनमध्ये अटलांटातल्या सीडीसीत (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) जे घडलं ते तुमच्याच क्षेत्रातलं आहे. मॅल्डी-टॉफ या प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर जिवाणू ओळखता येतात का, हे बघायला अँथ्रॅक्सचे अर्क फॉर्मिक आम्लाने तयार केले. त्यातला थोडा भाग प्लेटवर लावला, २४ तासांत काही उगवलं नाही, म्हणून अर्क खालच्या पातळीच्या प्रयोगशाळांत गेले. प्लेट इन्क्युबेटरमध्येच राहिल्या होत्या. काही दिवसांनी, १३ जूनला, त्यावर वाढ दिसली. ७५ च्या वर कर्मचारी संभाव्य संपर्कात आले. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही. वेगळ्या जिवाणूसाठीची पद्धत बीजाणू करणाऱ्या जिवाणूला लावली, गाळणीची पायरी नव्हती आणि तपासणीला वेळ दिला गेला नाही. पुढच्याच वर्षी उटाहमधल्या डगवे इथल्या लष्करी केंद्रातून गॅमा किरणांनी 'मारलेले' अँथ्रॅक्सचे बीजाणू जिवंत असल्याचं उघड झालं. ते अनेक वर्षं देशाबाहेरही पाठवले जात होते.

यामुळे पद्धत सिद्ध करणं हा वेगळा, गंभीर टप्पा मानला जातो. तो बंदिस्त प्रयोगशाळेतच होतो, तुम्ही फक्त अहवाल वाचता. पण वाचता आला पाहिजे. त्यात हे शोधा:

- चाचणी नेमक्या तुमच्या द्रवात झाली का? पेशींच्या माध्यमात सिद्ध झालेली पद्धत रक्तद्रवाला लागू होत नाही.
- तुमच्याच आकारमानात, तुमच्याच ट्यूबमध्ये झाली का?
- किती लॉग घट दिसली? सहा लॉग म्हणजे दहा लाखांतला एक उरला. सुरुवातीला मिलिलीटरमागे दहा कोटी असतील तर सहा लॉगनंतरही शंभर उरतात.
- उपचारानंतर पेशींवर लावून, पुन:पुन्हा नव्या पेशींत नेऊन पाहिलं का? एका फेरीत न दिसलेला विषाणू तिसऱ्या फेरीत दिसू शकतो.
- रसायन काढून टाकल्यावर मुद्दाम थोडा जिवंत विषाणू मिसळून तो वाढतो का, हे पाहिलं का? हे नियंत्रण नसेल तर 'काही वाढलं नाही' या वाक्याला अर्थ नाही. उरलेल्या एसडीएसने पेशीच मेल्या असतील, किंवा विषाणू पेशींना चिकटूच शकला नसेल.

या पाचांपैकी शेवटचा मुद्दा अहवालात नसला तर मी तो अहवाल परत पाठवतो.

पायरी ६: हस्तांतर

२०१४ च्याच डिसेंबरमध्ये, पुन्हा सीडीसीत, इबोलाच्या नमुन्यांची अदलाबदल झाल्याच्या शंकेवरून एका कर्मचाऱ्याला २१ दिवस देखरेखीखाली ठेवावं लागलं. रसायन चुकलं नव्हतं, ट्यूब चुकली होती. म्हणून निष्क्रिय केलेल्या आणि न केलेल्या ट्यूबच्या झाकणांचे रंग वेगळे, रॅक वेगळे, आणि वाट एकाच दिशेची. प्रत्येक बॅचमध्ये दुसरा माणूस शेजारी उभा राहून वेळ आणि तापमान नोंदवतो, सही करतो.

दाखल्यावर नमुन्याचे क्रमांक, पद्धतीचा क्रमांक, बफरचा लॉट, वेळ, तापमान, दोघांच्या सह्या. अमेरिकेत २०१७ पासून यादीतल्या घातक जंतूंसाठी असा दाखला कायद्यानेच लागतो. आपल्याकडे तुमच्या जैवसुरक्षा समितीकडून तो आग्रहाने मागून घ्या. निष्क्रिय न झालेला नमुना प्रवासाला निघणार असेल तर पॅकिंगचे नियम पूर्ण वेगळे, तिहेरी आवरण आणि नमुन्याच्या वर्गानुसार यूएन २८१४ किंवा यूएन ३३७३ हा धोकादायक मालाचा क्रमांक. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

पायरी ७: आता प्रथिनं

इथून पुढे तुमचं रोजचं काम, फक्त डिटर्जंट काढायचं विसरू नका. एसडीएस मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये गेलं तर पेप्टाइडचे संकेत दाबून टाकतं. ट्रायटन गेलं तर ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांची रांग लागते आणि कॉलम धुताना दिवस जातो. डिटर्जंट काढण्याच्या एस-ट्रॅप, एसपी-३ किंवा फास्प या पद्धतींपैकी प्रयोगशाळेत रुळलेली घ्या. नियंत्रण म्हणून निरोगी व्यक्तीचा रक्तद्रव अगदी त्याच बफरमधून, त्याच उष्णतेतून न्या. तसं नाही केलं तर उष्णतेने झालेला बदल आजाराचा समजून बसाल.

बीएसएल-२ ची शिस्त मात्र सोडायची नाही. दाखला असला तरी ग्लोव्हज, कोट, चष्मा, आणि पहिली ट्यूब उघडणं बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच.

कचरा, आणि दाखला नसलेली ट्यूब

ग्वानिडिन असलेल्या कोणत्याही द्रवावर, ट्रायझॉल (आरएनए काढण्याचं द्रावण) धरून, ब्लीच कधीही ओतू नका. विषारी वायू निघतो. कॅबिनेटमध्ये वापरायच्या ब्लीचच्या बाटलीवर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. क्लोरोफॉर्म आणि फिनॉलचा कचरा वेगळ्या बाटलीत, ऑटोक्लेव्हमध्ये नाही. रक्ताचे नमुने आणि प्रयोगशाळेतला जैविक कचरा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार जागेवरच आधी निर्जंतुक करून मगच पिवळ्या पिशवीतून बाहेर जातो.

कधीतरी एक ट्यूब येईल जिच्यासोबत दाखला नसेल, किंवा दाखल्यावरचा क्रमांक जुळणार नाही. पाठवणारा ओळखीचा असेल, फोनवर 'अहो, केलंय सगळं' म्हणेल. ती ट्यूब उघडू नका. पिशवीसकट दुसऱ्या सीलबंद डब्यात ठेवा, वर तारीख आणि 'उघडू नये' असं लिहा, कुलूप असलेल्या फ्रीझरमध्ये ठेवा, आणि जैवसुरक्षा अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. दाखला मिळाला आणि क्रमांक जुळला तर काम सुरू. दोन दिवसांत तसं झालं नाही तर ती परत बंदिस्त प्रयोगशाळेत जाते, नाहीतर, आत क्लोरोफॉर्म किंवा फिनॉल नसेल तर, न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये.